कूलरच्या पाठीमागे

लग्नातून लोक आहेर आणतात, मी फ्लू आणला. मे महिन्यात धुळ्याला लग्न, बंद हॉलमध्ये खच्चून भरलेली माणसं, आणि माझ्या शेजारी जेवायला बसलेली एक अनोळखी बाई. तिने माझ्या वरणावर तीनदा शिंकून घेतलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून गोड हसली. चारचौघांत पानावरून कसं उठायचं म्हणून मी ते वरण खाल्लं. आज आठवलं तरी स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

जळगावला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप भरला. आमचे डॉक्टर कॉलनीतच राहतात. ते छाती तपासून म्हणाले, "फ्लू आहे. तुम्ही आठ-दहा दिवसांत उठाल, तुमची मला चिंता नाही. पण घरात नाना आहेत."

नाना म्हणजे माझे सासरे. मूळचे पारोळ्याकडचे, पण उभा जन्म जळगावच्या एका जिनिंगमध्ये मुकादमी करण्यात गेला. तीस वर्षं कापसाची धूळ छातीत जात राहिली आणि तिथेच मुक्कामाला थांबली. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना निमोनिया झाला तेव्हा अकरा दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ही छाती आणखी एक निमोनिया काढणार नाही, असं याच डॉक्टरांनी तेव्हा माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते ऐकून हे दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले होते. त्यामुळे मला हुडहुडी भरली ती निम्मी तापाने आणि निम्मी भीतीने. माझ्यापासून नानांना काही झालं तर मी या घरात तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं.

डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या. वेगळ्या खोलीत राहा. मास्क लावा, भांडी-टॉवेल वेगळे ठेवा. आणि घरात हवा खेळती ठेवा. पहिल्या दोन गोष्टी आम्हाला करोनापासून पाठ होत्या. तिसरीने आमच्या घराची जी वाट लावली, ती सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे.

त्याआधी आणखी एक सांगायला हवं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, पण मी नानांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. आमच्याकडे सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही, एवढंच. डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्या पुढ्यात खुर्चीवर बसायचं नाही, आणि काही सांगायचं झालं तर तिसऱ्याला सांगायचं. नाना शेजारच्या पलंगावर बसलेले असायचे आणि मी पोरीला म्हणायची, "नानांना विचार, चहा घेता का." नाना माझ्या आवाजाकडे कान देऊन बसलेले असायचे, तरी पोरगी विचारेपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "तिले सांग, घेस." मग पोरगी मला सांगायची, घेतात. चहा आपला तोवर निवून जायचा. सासूबाई होत्या तोवर हे टपाल त्यांच्याकडे होतं. त्या गेल्यावर पोरीकडे आलं. आता ती कॉलेजात जाते आणि टपाल वाहताना डोळे फिरवते.

तर, माझा ताप ऐकून धुळ्याहून अक्का आल्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. कुणी आजारी पडलं की पहिली एसटी धरून यायचं आणि घर ताब्यात घ्यायचं, हा त्यांचा स्वभाव. पायातली चप्पल काढायच्या आधी त्यांनी पोरीची लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. माझं ताट, वाटी, पेला, चमचा, सगळ्यांवर एकेक लाल ठिपका दिला. "ठिपक्याचं ते वहिनीचं. बाकी कुणी हात लावायचा नाही," त्यांनी घरभर दवंडी दिली.

कल्पना वाईट नव्हती. पण अक्कांना थांबता येत नाही. ठिपक्याच्या ताटात वाढायला जो डाव वापरला तो ठिपक्याच्या ताटाला लागला, म्हणून डावाला ठिपका. डाव ज्या पातेल्यात होता त्या पातेल्याला ठिपका. ते पातेलं ज्या ओट्यावर ठेवलं त्या ओट्याला ठिपका. संध्याकाळपर्यंत फ्रिजचं दार, दुधाचं भांडं, मिठाची बरणी आणि देवघरातली घंटा एवढं सगळं माझ्या नावावर झालं होतं. घंटा मी कशाला वाजवेन, मरणाची कणकण होती अंगात! पण अक्का म्हणाल्या, लग्नाला जायच्या आधी तिनेच पूजा केली होती ना?

मग खोलीचा प्रश्न आला. आमच्या घरात तीन खोल्या आणि एक मोठा कूलर. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमचा कूलर मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला आहे. तो बाहेरच्या बोळातून हवा ओढतो, ओल्या गवताच्या जाळ्यांतून गार करतो आणि खोलीत फेकतो. खोलीचं दार उघडं ठेवलं की ती हवा मधल्या खोलीतून पार पुढच्या ओट्यापर्यंत जाते. दार लावलं तर खोलीत नुसती चिकचिक होते आणि बाकीचं घर भाजून निघतं. त्यामुळे मे महिन्यात त्या दाराला हात लावायची आमच्यात कुणाची टाप नाही.

अक्कांनी मला मायेने त्याच खोलीत ठेवलं. "तापाचं माणूस आहे, गारव्यात राहू दे." माझा पलंग कूलरच्या बरोबर समोर. डॉक्टरांनी हवा खेळती ठेवायला सांगितली होती म्हणून कूलर फुल्लवर. दार सताड उघडं, पण त्यातून जंतू बाहेर येऊ नयेत म्हणून दारात एक जुनं पातळ भिजवून पडद्यासारखं टांगलेलं. आता गंमत अशी झाली, की कूलरची हवा त्या ओल्या पातळातून आणखी गार होऊन बाहेर पडायला लागली. आमच्या घरात इतकी सुंदर झुळूक त्याआधी कधी आली नव्हती. तासाभरात सगळं घर त्या पडद्यासमोर जमलं. हे तिथे चटई टाकून पेपर वाचायला लागले, पोरगी तिथेच अभ्यासाला बसली, अक्का तिथेच भाजी निवडायला बसल्या. आणि नानांना उकाडा सोसत नाही म्हणून त्यांची खाट सगळ्यांत पुढे, पडद्यापासून दोन हातांवर मांडली.

मी आत पडल्या पडल्या मास्क लावून ऐकत होते. मला तेव्हा काही उमगलं नाही, तापात डोकं चालत नव्हतं. उलट सगळे जवळ आहेत म्हणून बरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाळाला आणि नाकाला बाम चोळला. दोन मिनिटं गेली असतील, पडद्याबाहेरून नानांचा आवाज आला, "तिले सांग, बाम झकास शे. मनंबी नाक मोकळं झायं."

पोरीने टपाल दिलं, "आई, नाना म्हणतात बाम चांगला आहे, त्यांचंही नाक मोकळं झालं."

मी खुशीत "बरं" म्हटलं आणि मग ताडकन उठून बसले. माझ्या कपाळावरचा बाम नानांच्या नाकात गेला, तर माझ्या नाकातलं काय काय कुठे कुठे गेलं असेल? मी पलंगावर उभं राहून मागे कूलरकडे पाहिलं, पुढे पडद्याकडे पाहिलं. पातळ बाहेरच्या बाजूला फुगून डोलत होतं. कालपासून मी खोकत होते आणि हा यंत्राचा रेडा माझा प्रत्येक खोकला गार करून, दमट करून, म्हाताऱ्याच्या तोंडावर नेऊन सोडत होता!

मी अक्कांना मोबाइल लावला. त्या पडद्याच्या पलीकडेच होत्या, त्यांची रिंग मला ऐकू आली.

"अक्का, कूलर बंद करा. माझी हवा बाहेर येतेय."

"अगं, ती बाहेरची ताजी हवा आहे. कूलर बाहेरूनच ओढतो ना?"

"बाहेरून ओढतो, माझ्यावरून नेतो आणि तुमच्यावर सोडतो! निदान नानांना तरी उठवा!"

"डॉक्टरांनीच सांगितलंय हवा खेळती ठेवा म्हणून," अक्का म्हणाल्या, आणि मग पलीकडे कुणाला तरी हळू आवाजात, "ताप चढलाय हो डोक्यात."

ह्यांना फोन केला. ते त्यांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात होते, गिऱ्हाईक समोर. "बघतो संध्याकाळी," म्हणाले. ह्यांचं ते "बघतो" मला चांगलं माहीत आहे, गच्चीवरची टाकी चार वर्षं गळतेय आणि हे बघतायत. मग मी उठून कूलरचा खटका स्वतःच बंद केला. पाच मिनिटांत घर तापलं आणि बाहेर नानांना उकाड्याने खोकल्याची अशी उबळ आली की मीच घाबरून कूलर पुन्हा चालू केला. दार लोटलं तर अक्कांनी ते बाहेरून ढकलून दगड लावला. पोरगी एव्हाना क्लासला गेलेली. म्हणजे टपाल बंद.

आणि नाना दोन हातांवर, नाक मोकळं करून, खोल खोल श्वास घेत पडलेले.

मला रडू फुटलं, मग संताप आला. स्वतःचा, अक्कांचा, त्या लग्नातल्या बाईचा, बठ्ठ्यांचा, सगळ्यांचाच. मी पडद्यापाशी गेले. अंगात गाऊन होता, पदर कुठून आणू? खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि डोक्यावरून घेतला. पडद्याआड मला बघणारं कुणी नव्हतं, तरी घेतला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते अशा आवाजात, की वर्गातल्या पोरांवरही कुणी तसं ओरडू नये.

"नाना, उठा तिथून! बाहेर जाऊन बसा!"

बाहेर अक्कांच्या विळीचा आवाज थांबला. मी टॉवेल गच्च धरून उभी. मग खाट करकरली, चपला फटफट वाजल्या आणि पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. अक्का म्हणाल्या, "वहिनी, काय केलंस गं हे?" मी पलंगावर जाऊन पांघरुणात तोंड घातलं. म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं मी, तेही भर दुपारच्या उन्हात.

अर्ध्या तासाने लाईट गेली. कूलर घुर्रऽऽ करत थांबला, आणि त्या शांततेत माझ्या डोक्यामागे, कूलरच्या गवतामागून, कुणीतरी खाकरलं.

"मी अठे शे," नानांचा आवाज आला.

मी किंचाळायचीच बाकी होते. "कुठे?"

"बोळमा. तूच सांगं ना, बाहेर बस. बसनू."

आमच्या घराच्या मागे आणि शेजाऱ्यांच्या भिंतीमध्ये एक अरुंद बोळ आहे. तिथे दिवसभर सावली असते आणि कूलरच्या गळत्या पाण्याने जमीन ओली राहते. नानांनी पुढच्या ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची तिथे नेऊन मांडली होती आणि डोक्यावर ओला रुमाल टाकून बसले होते. मी ओट्यावर बसा म्हणायला गेले होते. पण ओट्यावर आतली हवा येते, म्हणून त्यांनी स्वतःच विचार करून घराची दुसरी बाजू धरली होती. जिकडून हवा आत शिरते, ती बाजू. अख्ख्या घरात सुरक्षित बाजू कोणती हे फक्त त्यांना कळलं होतं. तीस वर्षं जिनिंगचे पंखे सांभाळलेला माणूस, बोलला नाही कधी, कारण विचारलंच नव्हतं कुणी.

त्या दिवसापासून नाना बोळातून हलले नाहीत. रात्री बाहेरच्या जिन्याने वर जाऊन एकटेच गच्चीवर झोपत, सकाळी खाली उतरून खुर्चीवर. ह्यांनी आर्जवं केली, अक्का रडल्या, "लोक काय म्हणतील, बापाला गटारीपाशी बसवलं." नानांचं एकच उत्तर, "सूननी सांगेल शे." म्हणजे, सुनेने सांगितलंय. शेजारपाजारचे, सोनगीरचे दोन पाहुणे, दूधवाला, जो विचारेल त्याला तेच. म्हणताना मान जरा ताठच व्हायची, असं पोरगी सांगते.

मला मात्र जिवाला घोर लागला होता. जवळजवळ एक दिवस तो माणूस माझा श्वास खात पडलेला. आता रोज त्यांच्या खोकल्याकडे कान. जुना खोकला कोरडा, दोन ठसक्यांचा, चहानंतरचा. तो आला की मी सुटकेचा श्वास टाकायची. तिसरा ठसका आला की घाम फुटायचा. "नाना, ताप आहे का?" मी कूलरमध्ये तोंड घालून ओरडायची. तिकडून ते बोलायचे, पण कूलर चालू असला की पंख्याच्या पात्यांतून त्यांचा आवाज तुकडे तुकडे होऊन यायचा, "न-न-न-ही-ही-ही. तु-तु-तु-ले-ले?" एवढा करारी माणूस, ज्याच्या एका खाकरण्याने जिनिंगमधले हमाल उठून उभे राहायचे, आणि आवाज हा असा! मी पहिल्या दिवशी इतकी हसले की ठसका लागला.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. बादली ओतली की सांगायचे, "पानी भरी दिधं." मग हळूहळू इतरही बोलायला लागले. एकदा म्हणाले, "एक सांगू का? उडीदनी डाळमा लसून कमी टाकत जाय. माले चालस नही."

"अहो, तुम्हाला आवडतो म्हणून तर मी दुप्पट घालते!"

"कोन सांगं?"

"सासूबाईंनी."

पलीकडे बादलीची कडी वाजली. "तिले आवडे," नाना म्हणाले.

बावीस वर्षं म्हातारा पोट चोळत लसूण गिळत होता आणि मी मेहेरबानी केल्यासारखी तो सोलत होते.

इकडे घरात जे व्हायचं ते झालं. आधी पोरगी पडली, मग हे, आणि मास्क सतत हनुवटीला लावून फिरणाऱ्या अक्का सगळ्यांत जोरात पडल्या. तेव्हा कुठे कूलर बंद झाला, खिडक्या-दारं उघडली गेली, आणि ज्याने त्याने एकेक कोपरा धरला. अक्का तापातही बोट दाखवून ठिपके द्यायला सांगत होत्या, पण आता देणार कुणाला? घरात बिनठिपक्याची एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे नाना.

मग नानांनी बोळातच संसार मांडला. छोटी शेगडी, एक पातेलं, डाळ-तांदूळ. त्यांना एकच स्वयंपाक येत होता, जिनिंगच्या दिवसांतली खिचडी. मी आतून सूचना द्यायची. तोंडाला रुमाल बांधा, ताटं पुढच्या ओट्यावर ठेवून बाजूला व्हा, आमची भांडी घेतली की हात साबणाने धुवा, घरात पाऊल टाकू नका. ते प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणायचे आणि तसंच करायचे. शेजारीण पोरीला म्हणाली म्हणे, "तुमचे नाना दिवसभर कूलरला हो-हो म्हणता, डॉक्टरला दाखवा." आता कूलर बंद असल्यामुळे त्यांचा आवाज अख्खा यायचा. मीही मास्क लावून, खिडकीपासून लांब पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून बोलायची.

असंच एका दुपारी ते म्हणाले, "पोरले पुनाले धाडानं का? तुनं काय म्हननं शे?"

पोरगी शिकायला पुण्याला जायचं म्हणत होती, हे खरं. पण नाना मला विचारतायत म्हटल्यावर माझा कुठला तरी जुना टाका उसवला.

"मला विचारताय?" मी म्हटलं. "मला तर तुम्ही कॉलनीमागच्या शाळेतसुद्धा शिकवायला जाऊ दिलं नाही."

"कोनती शाळा?"

मी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, माझं डी.एड. झालेलं. कॉलनीमागच्या शाळेत बाई हव्या होत्या, मुख्याध्यापक स्वतः येऊन विचारून गेले होते. मी सासूबाईंना म्हटलं, नानांना विचारा. दोन दिवसांनी उत्तर आलं, ते नाही म्हणतात. मी सर्टिफिकेटं पेटीत घातली आणि वर रजया ठेवल्या.

"मी कव्हय नही म्हनं?" नाना म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "माले ती म्हने, सूनलेच नको वाटस. घरमाच बरं वाटस तिले."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासूबाई असत्या तर त्यांच्याशी भांडले असते, पण त्या फोटोत बसलेल्या, चंदनाचा हार घालून. समोर होतं फक्त ते गवत. मी त्या गवतावर तुटून पडले. "मग तोंड नव्हतं का तुम्हाला? दोन खोल्यांचं तर अंतर होतं! एकदा, एकदा विचारायचं होतं मला! वीस वर्षं मी तुमच्या नावाने मनात बोटं मोडली, त्या नोकरीसाठी मी..." पुढे ठसका लागला आणि बोलता येईना.

पलीकडे खुर्ची सरकली. चपला फटफट करत लांब गेल्या.

गेले. रागाने गेले असणार, आणि जाणार कुठे? घरात. जिथे तीन माणसं तीन कोपऱ्यांत खोकतायत. मी इतके दिवस ज्यासाठी जिवाचं रान केलं ते माझ्याच तोंडाने घालवलं! त्या क्षणी शाळा गेली खड्ड्यात, सर्टिफिकेटं गेली खड्ड्यात. मी खिडकीच्या गजांना धरून कूलरवर हात आपटत ओरडले, "नाना! आत जाऊ नका! नाना, पाया पडते, घरात जाऊ नका!"

शेजारीण तिच्या खिडकीत आली, तिच्या बांगड्या वाजल्या. समोरचं कुत्रं भुंकायला लागलं. तेवढ्यात चपला परत आल्या आणि कूलरच्या टाकीत धो धो पाणी पडलं.

"पानी लेवाले गयथू," नाना म्हणाले.

"कूलर बंद आहे, नाना."

"हा. ध्यानमा नही राह्यनं." बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मी इचारं नही. चूक मनी शे."

मी भिंतीला टेकून रडले. मास्क भिजला की श्वास घेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी चार-पाच दिवसांनी डॉक्टर स्कूटरवरून जाता जाता थांबले. माझा ताप जाऊन बरेच दिवस झाले होते, खोकलाही गेला होता. "तुम्ही आता बाहेर या," ते म्हणाले. बाकीचे उतरणीला लागलेले. मग ते बोळात गेले आणि मी आतून कान लावून बसले. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." इतका वेळ लागला की मी देवघरातल्या ठिपक्याच्या घंटेला नवस बोलून बसले.

"छाती होती तशीच आहे, नाना," डॉक्टरांचा आवाज आला. "कमाल आहे. घर सगळं झोपलं आणि तुम्ही तेवढे उभे. इथे बसायचं कुणाच्या डोक्यातून आलं?"

मला वाटलं, आता ते स्वतःचं नाव सांगतील. बसायची जागा त्यांनीच शोधली होती.

"मनी सूनना," नाना म्हणाले.

मी साडी नेसले. खोलीतून बाहेर पडले, पुढच्या दाराने निघाले आणि घराला वळसा घालून पहिल्यांदा त्या बोळात गेले. डॉक्टर गेले होते. नाना रुमाल पिळत खुर्चीवर बसले होते. सवयीने माझा हात पदराकडे गेला आणि नजर खाली गेली. आता गवत मध्ये नव्हतं तर एक शब्द तोंडातून फुटेना. त्यांनाही फुटेना. ते भिंतीकडे बघत होते आणि मी त्यांच्या चपलांकडे.

मग मला दिसलं, की तिथे दुसरी खुर्ची होती. त्यांच्या खुर्चीपासून चांगली दोन-तीन हात लांब, सावलीत. डॉक्टरांसाठी आणली असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या हातावर लाल नेलपॉलिशचा मोठा ओबडधोबड ठिपका होता. अक्कांचे ठिपके नीट गोल असायचे. हा थरथरत्या हाताने दिलेला, थोडा ओघळलेला.

"कवयनी ठी शे," नाना भिंतीला म्हणाले. म्हणजे, केव्हाची ठेवली आहे.

त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, हे मला या घरात आल्यावर पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कुणी सांगितलं होतं ते आता आठवत नाही. त्यांनी नाही, एवढं नक्की.

मी बसले. खुर्ची उकाड्याने जरा तापलेली होती.

"पोरीला पुण्याला पाठवू या, नाना," मी म्हटलं.

"बरं," ते मला म्हणाले.